भिंतीवरची काच

सकाळी साडेनऊ वाजता मी देशमान्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि सगळ्यात आधी भिंतीकडं पाहिलं. काच शाबूत होती.

मी एवढा मोठा श्वास सोडला, की उंबऱ्यापाशी रांगोळी काढत बसलेल्या प्रयागकाकूंनी मान वर केली. "काय गं शालन, दम लागला का?"

"न्हाई काकू. चालत आले ना, म्हणून."

"तात्या तुझे सहालाच येऊन गेले. दाराला लावायचा ऑइलपेंट आणायला गेलेत पेठेत. तू तेवढा तो भिंतीवरचा तुकडा उरकून घे बाई. अकरा वाजता मुलाकडच्या बाया येतील उष्टी हळद घेऊन."

तो तुकडा म्हणजे काचेभोवतीची वीतभर जागा. बाकी सगळा हॉल रंगवून झाला होता. अरुणानं, म्हणजे काकूंच्या ज्या मुलीची हळद होती तिनं, लिंबाचा रंग निवडला होता. सकाळच्या उन्हात तो हॉल सोललेल्या फळासारखा दिसत होता. फक्त पूर्वेच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर, ती काचेची पट्टी आणि तिच्याभोवती पांढरा चट्टा राहिला होता.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माझे वडील, तात्या, लिंबाजी पेंटर म्हणून बार्शीत सगळ्यांना माहीत होते. मी त्यांच्या हाताखाली भिंती घासायचे, लांबी भरायचे. लांबी म्हणजे भिंतीचे खड्डे, चिरा बुजवायचा लगदा, व्हायटिंग पावडर आणि तेल कालवून केलेला. बायका तेव्हा या धंद्यात नव्हत्याच. पण मी सासर सोडून आले होते, घरात बसून चालणार नव्हतं आणि तात्यांना दुसरं कुणी नव्हतं. आई मी दहावीत असताना गेली.

देशमान्यांच्या घरी आम्ही सहा दिवस काम करत होतो. पहिल्या दिवशी मी ती पूर्वेची भिंत खरवडायला घेतली. वरचा निळा डिस्टेंपर निघाला, त्याखालचा हिरवा निघाला, मग चुन्याचे पोपडे. आणि त्याखाली ती चीर दिसली. वर तुळईच्या टोकापासून निघून तिरकी खाली उतरलेली, केसाएवढी.

जुन्या घरात चिरा असतातच. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात उकलतात, पावसाळ्यात मिटतात. मी चीर कोरून पाणी मारलं, लांबी भरली, पॉलिशपेपरनं घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत उघडली होती, त्याच जागी. पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी तीत माझं नख गेलं.

तात्यांनी रंगकामाच्या लाकडी घोड्यावर चढून, तुळईच्या टोकाशी कान लावून पाहिलं. ते घर विटांचं होतं, पण विटा मातीत बांधलेल्या. आणि छत आमच्या भागातल्या जुन्या घरांना असतं तसं: दोन लोखंडी तुळया, त्यांवर शहाबादी फरशा आडव्या टाकलेल्या, त्यांवर मुरमाचा थर. दोन्ही तुळयांची टोकं त्या पूर्वेच्या भिंतीत रुतलेली होती. आणि भिंतीच्या पलीकडं, चार हातांवर, शेजारच्या प्लॉटमध्ये लॉजचं तळघर खोदायला महिनाभर पोकलेन चालू होतं. खड्डा दोन माणसं उभी राहतील एवढा खोल गेला होता. देशमान्यांच्या मागच्या दाराची पायरीसुद्धा त्यात ढासळली होती, म्हणून ते दार त्यांनी बंद केलं होतं.

तात्या खाली उतरले. फुटलेल्या फोटोफ्रेमची काच माझ्याकडं होती. तिची एक पट्टी त्यांनी मला कापायला लावली.

"चिरेवर आडवी ठेव. दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटव. भिंत जागेवर असंल तर काच राहील. भिंत चालायला लागली तर तुटंल."

हॉलच्या दारात अरुणाचे वडील अण्णा देशमाने उभे होते. दाळमिलमधून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, शांत माणूस. ते हसले. "अरे, भिंत चालवायला तिच्यावर कुणी संत येऊन बसलाय का?"

आम्हीही हसलो. पण चौथ्या दिवशी काच शाबूत, पाचव्या दिवशी शाबूत, तरी मला रात्री डोळा लागेना. आणि आज सहाव्या दिवशी पुन्हा शाबूत दिसली, तेव्हा वाटलं, आपणच उगाच भ्यायलो. आता काढायची, उरलेला चट्टा भरायचा आणि निघायचं.

मी घोड्यावर चढले, खरवडायची पत्ती घेतली आणि प्लास्टरला लावली.

प्लास्टर गार लागलं.

वाळलेलं प्लास्टर पांढरं आणि कोरडं असतं, बोटाला खडूसारखं लागतं. हे राखाडी होतं. मी बोट टेकवलं तर बोटाला ओल लागली. तीन दिवसांपूर्वी मी लावलेलं प्लास्टर ओलं कसं असेल? मग मी काच नीट पाहिली. मी कापलेल्या पट्टीचं एक टोक तिरकं गेलं होतं, कापताना माझा हात घसरला होता. या पट्टीची दोन्ही टोकं सरळ होती.

ती माझी काच नव्हती.

मी पट्टी हळूच उचकटली. खालची चीर उघडी पडली आणि मी तीत करंगळी घातली. पेरभर आत गेली. आणि आतून गार वारा आला. घरात पंखा बंद होता. तो वारा त्या खड्ड्यातून येत होता.

मी खाली उतरले ती अण्णांना शोधत अंगणात आले. ते मांडवाच्या खांबाला आंब्याची पानं बांधत होते.

"अण्णा, काच कुणी बदलली?"

"कुठली काच?"

"भिंतीवरची. जुनी तुटली आणि कुणीतरी दुसरी लावली."

त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता. "मला काय माहीत? उलट सकाळी लिंबाजीच म्हणाला, काच शाबूत आहे अण्णा, काळजी करू नका. तो आला तेव्हा मी अंघोळीला होतो."

सकाळी सहाला त्या हॉलमध्ये एकटे तात्या होते.

मी अण्णांना हाताला धरून आत नेलं आणि चीर दाखवली. त्यांनीही बोट घातलं. पटकन काढून घेतलं. तेवढ्यात पलीकडं पोकलेन सुरू झालं आणि घोड्यावर ठेवलेल्या डब्यातला रंग थरथरायला लागला. वरून, तुळईच्या टोकापासून, मातीची बारीक धार लागली.

"अण्णा, इथं बायका बसवू नका. सगळं बाहेर करा. मांडवात करा."

"अगं, आत्ता? दहा वाजलेत." ते कुजबुजत होते. "बाहेर ऊन किती! आणि काय सांगू त्या लोकांना? ज्या घरची मुलगी करताय ते घर पडायला आलंय?"

"तेच सांगा."

अण्णा पंचा खांद्यावर टाकून तरातरा शेजारच्या प्लॉटवर गेले. मी दारातून बघत होते. पोकलेनवाल्याशी त्यांचे हातवारे झाले, आधी चढ्या आवाजात, मग हात जोडून. मशीन बंद पडलं. अण्णा घाम पुसत परत आले.

"संध्याकाळपर्यंत बंद ठेवतो म्हणाला. झालं? आता हादरा नाही, काही नाही. उद्या लग्न कार्यालयात आहे. परवा मी स्वतः इंजिनीअरला आणून दाखवतो. तोवर तोंडातून अक्षर काढू नकोस शालन. तुला अरुणाची शपथ आहे."

अरुणा माझ्या वर्गात होती. आम्ही एका बाकावर बसायचो.

मी गप्प बसले. पण आजही सांगते, मशीन चालू होतं तेच बरं होतं. त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ते थांबलं आणि भिंतीचा आवाज ऐकू यायला लागला. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. जणू भिंतीच्या आत कुणीतरी बोटं मोडत होतं.

तात्या अजून आले नव्हते.

अकरा वाजता मुलाकडच्या बाया आल्या. चांदीच्या वाटीत उष्टी हळद, तिच्यावर रुमाल. सगळ्यांत पुढं नवरदेवाची आत्या, जाड काठाचं हिरवं नेसलेली, दारातच म्हणाली, "रंग छान दिलाय हं!" हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. बायका मोजल्या नाहीत, पण तीस-पस्तीस असतील, पाच-सहा लहान पोरं. मधोमध पाटावर अरुणा. निम्म्या बायका पूर्वेच्या भिंतीला टेकून बसल्या. नवा रंग होता तरी तिकडंच टेकल्या, कारण त्या बाजूला सावली होती.

मी मधल्या खोलीच्या दारात उभी होते. चट्टा मी तसाच सोडला होता, मी निघायला हवं होतं. प्रयागकाकू दोनदा म्हणाल्या, "ये की, तूपण लाव हळद." मी मान हलवली. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईनं हळद लावलेली कुणाला चालली असती? पण पायही निघेनात.

सहज म्हणून मी मधल्या खोलीचं दार ओढलं. सकाळी ते आपोआप मिटत होतं. आता वर चौकटीला घासलं आणि अडकून बसलं. चौकट तिरकी झाली होती.

गाणं सुरू झालं. एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, टाळ्या वाजवत होती. तिच्या पांढऱ्या केसांवर काहीतरी पडलं. तिनं हात लावून पाहिलं, बोटावरचे पांढरे कण शेजारणीला दाखवले आणि बोळकं तोंड उघडून हसली. "अगं बाई, आजच अक्षता पडायला लागल्या का गं?"

सगळ्या हसल्या. मी वर पाहिलं. तुळईच्या टोकाखालचा गिलावा फुगून सुटला होता आणि तुळई भिंतीतून बोटभर बाहेर आली होती. कालच मी तिला रंग दिला होता. आता रंगाच्या पुढं गंजलेल्या लोखंडाची बोटभर पट्टी उघडी दिसत होती.

खरं सांगितलं तर? "भिंत पडतेय" म्हटलं तर त्या आधी भिंतीकडं बघतील. मग एकमेकींकडं. मग अण्णांना विचारतील. मला तेवढा वेळ नको होता. आणि कसं कोण जाणे, दुसराच शब्द तोंडातून निघाला.

"साप!" मी जीव खाऊन ओरडले. "साप! सतरंजीखाली! बाहेर पळा, साप!"

शेजारच्या खोदकामानं बिळं उघडी पडली होती, चारच दिवसांपूर्वी गल्लीत एक धामण निघाली होती. कुणी क्षणभरही शंका घेतली नाही. एकच कल्लोळ उडाला. हळदीची वाटी उलटली, पोरं काखेत मारून बाया दाराकडं धावल्या. मी म्हातारीला अर्धी उचलून, अर्धी ओढत नेली. अरुणा पाटावरच थिजून बसली होती. तिचं मनगट धरून मी हिसका दिला तेव्हा तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला. आणि मग ज्याचा मी विचारच केला नव्हता ते झालं. मांडवातले पुरुष काठ्या घेऊन आत निघाले.

मी दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"आत जाऊ नका! साप न्हाई. साप न्हाईच."

"मग?" अण्णांचा मेहुणा काठी उगारून उभा होता.

"भिंत पडतीय."

मग आत्यांचा आवाज आला. त्यांच्या हिरव्या लुगड्यावर हळद सांडली होती. "भिंत? कुठं पडतीय? उभी तर आहे चांगली! उष्टी हळद मातीत घातलीस मेले! नवरीच्या बांगड्या फोडल्यास!" त्या जवळ आल्या आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ही तीच ना, नवऱ्याला टाकून आलेली? पांढऱ्या पायाची! हिला घरात घेतली कुणी?"

अण्णा खाली बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. प्रयागकाकू रडत होत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल दिसली. हँडलला ऑइलपेंटचा डबा लटकावून तात्या येत होते.

"लिंबाजी," मेहुण्यानं लांबूनच हाक मारली, "तुम्ही जाणते आहात. चाळीस वर्षं भिंती बघताय. ही पोरगी म्हणते, भिंत पडतीय. खरं का खोटं?"

तात्यांनी सायकल स्टँडवर लावली. डबा काढून खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांच्याकडं. तेव्हा त्यांना कळलं, की मला कळलंय. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला.

त्यांनी "खोटं" म्हटलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं. पुरुष मला बाजूला सारून आत गेले असते आणि मागोमाग बाया. मला त्या भिंतीपेक्षा तेव्हा तात्यांच्या तोंडाची भीती वाटत होती.

"पोरगी खरं बोलतीय," तात्या म्हणाले. "काच रात्रीच तुटली. म्या सकाळी बदलून ठिवली. माझी चूक हाय."

मग जे बोललं गेलं ते सगळं सांगत नाही. तात्या मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी आत्याच थकल्या आणि म्हणाल्या, हळद तेवढी उरकून घ्या, आम्हाला उन्हाचं परत जायचंय. मांडवातच पाट मांडला. कुणीतरी बाजारातून हळदपूड आणली. गाणं झालं नाही.

बारा वाजले. साडेबारा. भिंत उभीच होती. उघड्या दारातून लिंबाच्या रंगाचा तो हॉल दिसत होता, सतरंज्या चुरगळलेल्या, मधोमध रिकामा पाट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पोरं पाण्यासाठी रडायला लागली आणि पाणी आत होतं. बाया एकमेकींत बोलायला लागल्या. एक माझ्याकडं बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "चांगलीच दिसतीय की भिंत!" मेहुणा दोनदा पायरीपर्यंत जाऊन आला. अण्णांनी त्याला थांबवलं, पण दुसऱ्यांदा हात जरा सैल धरला होता. मी मांडवाच्या खांबाला टेकून, ओठ घट्ट मिटून भिंतीकडं बघत होते.

एक वाजता प्रयागकाकू एकदम उठल्या. "अहो, देवकापुढचा दिवा! मधल्या खोलीत देवक बसवलंय. दिव्यात सकाळपासून तेल घातलं नाही. लग्न लागेपर्यंत विझू द्यायचा नसतो."

त्या निघाल्याही. तात्या पुढं झाले.

"तुम्ही बसा वैनी. म्या घालून येतो."

"लिंबाजी, नको," अण्णा म्हणाले, पण हळू आवाजात.

"एका मिन्टाचं काम हाय. तेलाची बुधली कुठं हाय म्हणाला?"

त्यांनी चपला पायरीशी काढल्या. हॉलमधून जाताना ते पश्चिमेच्या भिंतीला अंग लावून, जपून, एकेक पाऊल टाकत गेले. मधल्या खोलीच्या दारात वाकून आत शिरले. मला त्यांची पाठ दिसली, सदऱ्यावर लिंबाच्या रंगाचे शिंतोडे. मग ते दिसेनासे झाले.

बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "बघा, गेला की. काही होत नाही."

आवाज आधी आला नाही. आधी तुळई खाली आली, सावकाश, म्हशीनं मान टाकावी तशी. मग सगळ्या फरशा एकदम. घरातून धुळीचा लोट उसळून मांडवात आला आणि आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. पलीकडं भिंत खड्ड्यात कोसळल्याचा आवाज जमिनीतून पायांना लागला.

कोण किंचाळत होतं ते कळत नव्हतं. मी आत धावले. अण्णा माझ्या पुढं होते. साठीतला तो माणूस फरशांच्या ढिगाऱ्यावर हातांनी चढत होता. ज्या जागी म्हातारी बसली होती तिथं कमरेएवढा ढीग होता आणि त्यावर तुळई. पाटाचा मागमूस नव्हता.

तात्या मधल्या खोलीच्या सागवानी चौकटीत सापडले. चौकटीनं वरचा भार तोलून धरला होता. त्यांचा उजवा हात मनगटापासून फरशीखाली होता. डोळे उघडे होते आणि पापण्यांवर माती.

"दिव्यात तेल घातलं," ते अण्णांना म्हणाले.

अरुणाचं लग्न दुसऱ्या दिवशी कार्यालयात लागलं. आत्या स्वतः दवाखान्यात आल्या, माझा हात धरून बसल्या. जाताना माझ्या कपाळाला हळदकुंकू लावून गेल्या.

तात्यांच्या तीन बोटांतली ताकद कायमची गेली. चौथ्या दिवशी दवाखान्यात, संध्याकाळी, मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा विचारलं, "का केलंत तात्या?"

"सकाळी बघितलं तर काच मधोमध फुटलेली. वाटलं, तू बघितलीस तर बोलशील. तू काय गप बसणारी न्हाईस. लग्नाच्या घरात, त्यात तू अशी घरी आलेली. भिंत पडली तर हिच्या जिभेनं पडली म्हणतील, न्हाई पडली तर लग्न मोडायला आलती म्हणतील. दोन्हीकडनं तुझंच नाव येणार. म्हणलं, एक दिस जाऊ दे."

"आणि तिथं बसलेल्या बाया?"

"तेवढा इचार केला न्हाई." मग डोळे मिटले. "केला. खोटं कशाला बोलू? केला. पर मला तू एकलीच हायस."

मी चमचा वाटीत ठेवला. मला रागवायचं होतं आणि ते जमेना.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "शालन, तू हाक मारलीस म्हणून वाचलो बघ म्या."

"कधी?"

"आत. दिव्यापुढं वाकलो हुतो. तुझा आवाज आला, तात्या म्हणून. म्हणून वळलो, चौकटीत आलो, आणि वरनं आलं सगळं. तिथंच वाकून बसलो असतो तर संपलो असतो. तूच ना ती?"

"होय," मी म्हणाले. "मीच हाक मारली."

त्यानंतर ते सतरा वर्षं जगले. ब्रश त्यांनी धरला नाही, पण माझ्या कामावर रोज यायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि चूक काढायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगायचे, पोरीनं हाक मारली म्हणून वाचलो. मी शेजारी भिंत घासत असायचे. एकदाही त्यांना खरं सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशीही नाही.

मी हाक मारली नव्हती. त्या मांडवात, सगळ्या बाया माझ्याकडं बघत असताना, बारा वाजल्यापासून मी मनातल्या मनात भिंतीला एकच सांगत होते: पड. आता तरी पड. तात्या चपला काढून आत गेले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही मी थांबले नव्हते.